नाडीवर सोडलेलं दुखणं

आमच्या वऱ्हाडातली एक अक्कल ऐका. वैद्याकडे जायचं, हात पुढे करायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं. नाडी धरून त्यानं दुखणं ओळखलं तर तो खरा. विचारू लागला की भोंदू!

जानराव याच अकलेचा. त्या साली विलायतेला कापूस पुरेना, अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागली होती. आपल्या गाड्या भरायच्या घाईत त्याच्या टाचेत पऱ्हाटीचा, कापसाच्या झाडाचा, खुंट घुसला. पंधरा दिवस झाले तरी जखम भरेना. टाच काळी पडू लागली.

त्याच्या बायकोला, जयवंताला, धडकी भरली. दोन वर्षांपासून तो घागरभर पाणी प्यायचा आणि तहान काही भागायची नाही. लघवीला बसे तिथं मुंग्यांची रांग लागे. हे त्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

"वैद्याले मुंग्यांचं सांगा न," अमरावतीच्या वाटेवर गाडीत ती म्हणाली.

"काहून? नाडी धरून त्याले कळत नाही काय? तू तोंड उघडलं तर याद राख!"

पुंजाराम वैद्यानं नाडी पाहिली, टाच पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "जानराव, जुनं काही दुखणं?"

"काही नाही."

वैद्य जयवंताकडे वळला. "बाई, तुमी सांगा. चीर द्यायची हाय. मंग मले बोल लावू नोका."

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. नवऱ्यानं डोळे वटारले. तिनं नाही म्हणून मान हलवली.

वैद्यानं टाच चिरली, लेप बांधला आणि अंगात ताकद यावी म्हणून रोज गुळाचा शिरा खायला सांगितला. जयवंतानं तो आपल्या हातानं केला, आपल्या हातानं भरवला. घासाघासाला तिला त्या मुंग्या आठवत होत्या, पण हात थांबला नाही. आठव्या दिवशी काळेपणा गुडघ्यापर्यंत चढला. अकराव्या दिवशी जानराव गेला.

तेरवीला तिचा दीर खुशालराव ओट्यावरून गरजला, "त्या वैद्यानंच मारलं माह्या भावाले! आता पाहतो त्याच्याकडे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. चौघं काठ्या घेऊन उठलेसुद्धा.

जयवंता दाराआड उभी होती. वैद्याचा काडीचाही गुन्हा नव्हता, हे तिला लख्ख ठाऊक होतं. बोल न वं, आता तरी बोल, तिचं मन तिला सांगत होतं. पण बोलली तर सगळे एकच विचारतील, तवा काहून नाही बोलली? तिनं पदर तोंडात कोंबला. बाहेर त्यांनी अमरावतीला जायला गाडी जुंपली.