पिठातलं पाऊल

चौलच्या एका सुपारीच्या वाडीत मंडप घातला होता आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्या बायकाच. कुणाचं मूल पोटातच गेलेलं, कुणाचं पाळण्यातून. पुढे पाटावर बसली होती पावलाची माई, आणि तिच्यासमोर तांदळाच्या पिठाने भरलेली परात.

माई सगळ्यांदेखत पीठ सपाट करायची, वर लाल कापड पसरायची, कापडाखाली हात घालून सुपारी ठेवायची आणि म्हणायची, "डोळं मिटा बायांनो. कुनी बघितलं की लेकरू लाजतं." देवाघरची लेकरं भलतीच लाजाळू! बायका डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. कापड निघालं की पिठात एवढंसं पाऊल, पाचही बोटांसकट.

त्या दिवशी परात आश्लेषासाठी मांडली होती. गेल्या वर्षी तिचा रक्तदाब वाढला आणि आठव्या महिन्यात मुलगी पोटातच गेली. तेव्हापासून ती जेवायची ते कुणी रागावू नये म्हणून. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि घरात त्याबद्दल मोठ्याने बोलायची कुणाची छाती नव्हती. शेजारणींनी फारच लकडा लावला, तेव्हा सासू अनुसूयाबाई तिला इथे घेऊन आल्या.

"बघ, तुजीच हाय ती," माई म्हणाली. "वाट चुकली व्हती. पुन्यांदा तुज्याच कुशीत येतेय." मग ती आश्लेषाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली.

आश्लेषाने परातीशी गाल नेला आणि ती वर्षभराचं रडली. अनुसूयाबाईंनी मात्र पाऊल पाहिलं आणि ते कसं उमटलं हे त्यांना तत्क्षणी कळलं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण परतताना रिक्षात आश्लेषा म्हणाली, "आई, मला भूक लागलीय." घरी येऊन तिने दोनदा भात मागून घेतला. अनुसूयाबाईंनी शब्द गिळले. खोट्याने का होईना, पोरीच्या पोटात अन्न जातंय ना, असं त्यांनी मनाला समजावलं. खोट्याच्या घरचं जेवण कधी फुकट नसतं, हे त्या विसरल्या.

गौरी तोंडावर आल्या, आश्लेषाला आठवा महिना लागला. एका सकाळी तिचे पाय चपलेत मावेनात. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस ना?" अनुसूयाबाईंनी विचारलं.

"माईंनी बंद करायला सांगितल्यात. गोळीच्या वासाने ती दारातून मागे फिरेल म्हणाल्या."

"अगो, केव्हापासून?"

"पाऊल उमटलं त्या दिवसापासून."

अनुसूयाबाईंनी गाडीसाठी शेजारी निरोप धाडला. "ते पाऊल खोटं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

आश्लेषाने त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर अनुसूयाबाई मरेपर्यंत विसरणार नाहीत. "मग बोलला का नाहीत, आई?" एवढंच ती म्हणाली. अलिबागच्या इस्पितळाच्या वाटेवर गाडीतच तिला आकडी आली.

पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगी. दिवस भरण्याआधीच आलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली. "आई वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलीचं आज काही सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी अनुसूयाबाई इस्पितळातून थेट मंडपात गेल्या. परात मांडलेलीच होती. त्यांनी कापड ओढून बाजूला टाकलं, मूठ वळली, करंगळीकडची कड पिठावर दाबली आणि बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके दिले. पाऊल तयार झालं.

"दरवर्षी गौर घरात येते तेव्हा उंबरठ्यापासून ही पावलं कोण काढतं?" त्या म्हणाल्या. "आपणच ना? मग ही कुणाची, ते सांगायला माई कशाला हवी? सुपारी ठेवायला म्हणून हात कापडाखाली जातो, तो याच्यासाठी."

बायका एकमेकींच्या हातांकडे बघू लागल्या. जन्मभर त्या हातांनी हीच पावलं काढली होती. पण दुःखाने डोळे भरले की आपल्याच हातची गोष्ट ओळखू येत नाही.

"कापडाखाली हात न घालता उमटवून दाखवा," अनुसूयाबाई माईला म्हणाल्या.

माईच्या लगेच अंगात आलं. अवघड प्रश्न विचारला की दैवतं बरोबर धावून येतात. ती घुमू लागली, मंडपाबाहेर उभे असलेले तिचे चेले अंगावर धावले, पण एकेक बाई उठू लागली होती.

एकटी कमळ हलली नाही. रेवदंड्याची कोळीण, सातवा महिना. आदल्या खेपेचं मूल गेलेलं.

"काकू, खोटं असंल," ती म्हणाली. "पन माज्यापाशी त्येचं दुसरं कायबी न्हाय. येवढं राहू द्या."

अनुसूयाबाई तिच्याशेजारी बसल्या. "राहू दे. त्याच्यासाठी रड, देवाला हात जोड, मी अडवणार नाही. पण देवाने कधी कुणाला औषध टाक म्हणून सांगितलेलं नाही. जो सांगतो तो माणूस असतो, आणि माणसाला विचारायचं असतं, का म्हणून? मी विचारलं नाही. माझी नात काचेच्या पेटीत आहे." मग त्यांनी विचारलं, "तुलाही गोळ्या बंद करायला सांगितलंय ना? कुठायत? टाकल्यास?"

कमळने मान हलवली. "टाकवल्या न्हाईत. बांधून ठेवल्यात."

तिने पदराची गाठ पुढे केली. ती गाठ अनुसूयाबाईंनीच सोडली आणि कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.