गुरुवारी उमलणारं प्रवाळ

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून मोशीत सुरेंद्ररावांच्या दाराशी सकाळपासून चपलांचा ढीग पडायचा. आत काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, मुठीएवढं दगडी प्रवाळ मिटून बसलेलं असायचं. सागरनाथ महाराज कापूर पेटवत, मंत्र पुटपुटत, तांब्यातलं तीर्थ टाकीत सोडत. दहा मिनिटांत त्या दगडातून हिरवी बोटं बाहेर यायची. उरलेलं तीर्थ मंडळी उपाशीपोटी पळीपळीने घ्यायची.

"समुद्रमंथनाची फ्रीक्वेन्सी मी पाण्यात उतरवतो," असं महाराज सांगायचे. म्हणजे काय, हे कुणी विचारायचं नाही.

सुरेंद्रराव चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला होते. गेज लावल्याशिवाय एक बोल्ट पास करत नसत. पण महाराज 'परीक्षा घेणं म्हणजे अविश्वास' म्हणाले आणि या गृहस्थांनी टाकीचं पाणी तपासायच्या बाटल्या माळ्यावर टाकून दिल्या.

तीन महिन्यांत टाकीत शेवाळ माजलं, प्रवाळ कडेने पांढरं पडू लागलं. महाराजांनी दोष शोधला तो थेट स्वयंपाकघरात. घरात मासे खाणाऱ्याची सावली पडते म्हणे. मासे खाणारं माणूस एकच, आठ वर्षं पोळ्या लाटणाऱ्या मालवणच्या सुमनताई. पुढच्या गुरुवारपासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं. सुमनताईंना रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

त्याच दुपारी, ज्यांच्या सावलीने प्रवाळ मरत होतं, त्यांच्याच पुढ्यात तीर्थाचा तांब्या घासायला आला. सुमनताईंनी तो नाकाशी नेला. कापूर होता, गुलाबपाणी होतं, आणि त्याखाली त्यांच्या ओळखीचा वास होता. त्यांनी सुरेंद्ररावांच्या मुलीला, बारावी सायन्सच्या पूर्वीला, हळूच हाक मारली.

पुढच्या गुरुवारी सुमनताई आल्याच. पूर्वीने भरल्या हॉलमध्ये टाकीतलंच पाणी तांब्यात भरून महाराजांपुढे ठेवलं आणि आज हेच मंतरा, अशी विनंती केली. इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? मंत्र झाले, कापूर झाला, अर्धा तास झाला. प्रवाळ मिटलेलंच. महाराजांनी पुन्हा सावलीकडे बोट दाखवलं.

सुमनताईंनी पदराआडची वाटी काढली आणि तिच्यातलं चमचाभर पाणी टाकीत सोडलं. मंत्र नाही, कापूर नाही. थोड्या वेळाने हिरवी बोटं एकेक करून बाहेर आली.

"काय घातलंत?" सुरेंद्ररावांनी विचारलं.

"जवळा. सुकी बारीक कोळंबी, पाण्यात भिजवलेली. महाराजांच्या तांब्यात हाच वास होता."

उपास धरलेल्यांपैकी दोघं बेसिनकडे धावले. प्रवाळ हा प्राणी आहे, खाण्याचा वास आला की बोटं पसरतो, हे पूर्वीने सांगितलं. माळ्यावरच्या बाटल्या काढून तिने पाणी तपासून दाखवलं. दर गुरुवारचा जवळा टाकीत सडला होता आणि प्रवाळ त्यानेच आजारी पडलं होतं. मत्स्यालयाच्या दुकानात नोकरी करताना ही विद्या शिकलेले महाराज तोवर चपला शोधत होते.

सुरेंद्ररावांनी मान खाली घालून सुमनताईंना उद्यापासून यायला सांगितलं.

"येते," सुमनताई म्हणाल्या. "पण साहेब, बोल्ट फेकायच्या आधीसुद्धा तुम्ही गेज लावता. मला काढायच्या आधी एकदा तांब्या तरी हुंगायचा होतात."