चिलमीवरचा अंगठा

"ही बुढ्यानं नाही बनवली," रामीबाई म्हणाली आणि चिलीम तिनं नीळकंठरावांच्या हातात परत दिली.

नीळकंठराव हसले. सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाचं ते हसू होतं. समोरच्याला काही ठाऊक नसलं तरी कागदाला सगळं ठाऊक असतं, अशा खात्रीचं. "रामीबाई, नोंद मीच केली आहे. ब्याण्णव सालचं प्रदर्शन. बनवणाऱ्याचं नाव धावजी आडे. पहिला नंबर आला होता त्याचा."

दिग्रसपासून अर्ध्या तासावरच्या या तांड्यात ते खरं तर रामीबाईच्या नवऱ्याचा, धावजीचा, एक फोटो न्यायला आले होते. धावजीला जाऊन पाच वर्षं झाली होती. चिलीम मात्र अजून धडधाकट होती, आणि होतीही जगावेगळी. इतर चिलमी सरळ असतात. ही बैलाच्या शिंगासारखी वाकलेली. भाजलेल्या मातीवर कवड्यांच्या ठशांची रांग, आणि खालच्या अंगाला अंगठा टेकवायला एक खळगा. प्रदर्शनानंतर ती न्यायला कुणी आलं नाही. कचेरीतलं कपाट भंगारात निघालं तेव्हा नीळकंठरावांनी ती घरी आणली आणि तेव्हापासून ती त्यांच्या टेबलावर कागद दाबून बसली होती. आता त्यांची भाची केतकी यवतमाळच्या कॉलेजात जुन्या वस्तूंचं दालन मांडत होती. तिला चिलीम हवी होती आणि खालच्या चिठ्ठीवर कारागिराचं नाव. "मामा, नाव नक्की ना?" असं तिनं वाटेत दोनदा विचारलं, म्हणून मामा जरा घुश्श्यातच होते.

"मग कोणी बनवली, आजी?" केतकीनं विचारलं.

"म्या."

चहा गाळणाऱ्या फुलसिंगचा हात थांबला. तो रामीबाईचा मुलगा, पंचेचाळिशीचा. "याडी, हे तं तू कधी बोलली नाही!"

"कायले बोलू?"

नीळकंठरावांनी चिलीम उलटी केली. एवढी वर्षं ती रोज हाताखाली होती, पण खळग्यात त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. आयुष्यभर लोकांचे अंगठे कागदावर उठवलेला माणूस तो. त्यांना लगेच दिसलं. आत उमटलेला अंगठा लहान होता. मातीत रेषा शाबूत होत्या आणि त्यांच्यावरून एक तिरका चरा गेला होता. अर्जावरचा धावजीचा अंगठा तर चांगला रुंद, रकाना ओलांडून जाणारा.

"तुमचा अंगठा दाखवा बरं."

रामीबाईनं उजवा हात पुढे केला. अंगठ्यावर तोच तिरका व्रण, आता पुसट झालेला. "विळा लागलता. लगन झालं त्या साली."

"मग धावजी माझ्याशी खोटं का बोलला?"

"खोटं नाही बोलला. मी दारात उभी होती. बुढा म्हने, साहेब, माह्या बायकोनं केली. तुमी म्हनले, फारमवर आंगठा कोनाचा? तुहा ना? मंग नाव बी तुहंच. तुमी मान बी वर नाही केली."

नीळकंठरावांना यातलं काही आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं, यात त्यांना शंका उरली नाही. अर्ज ज्याचा, वस्तू त्याची. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या कारकुनाला त्यांनी हेच शिकवलं होतं, तेही मोठ्या ऐटीत.

"पुढच्या साली जीप आली," रामीबाई सांगू लागली. "नागपूरले चला, लोकाईसमोर बनवून दाखवा. नाव त्याचं, नाही कसा म्हनंल? गेला. चार दिवस माती मळत बसला. एक बी जमली नाही. लोक हासले. घरी आला तं महिनाभर कोनाशी बोलला नाही. तो बक्षिसाचा कागद त्यानं कधी भिंतीवर लावला नाही. मंग म्या बी मातीले हात नाही लावला. त्याच्यासमोर कसा लावू?"

"एकूण किती केल्या होत्या?" केतकीनं हळूच विचारलं.

"ही पयलीच. मनात लय होत्या."

नीळकंठरावांना शरम वाटली, फार वाटली. हात जोडून माफी मागावी असं मनात आलं, पण तोंडातून बाहेर पडला तो कारकूनच. "आपण दुरुस्ती करू. लेखी जबाब घेऊ." शेजारीपाजारी अजून अर्ज लिहून घ्यायला येत, त्यामुळे कागद आणि शाईचं पॅड त्यांच्या पिशवीत कायम असायचं. 'मी, रामीबाई धावजी आडे, सदर चिलीम मी स्वहस्ते बनविली आहे,' असं त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा धरून खाली दाबला.

कागदावर निळा डाग उमटला. नुसताच डाग. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तेच, एक रेषा नाही, चरासुद्धा नाही.

"नाही येत साहेब," फुलसिंग म्हणाला. "जनमभर कापूस वेचला, घासून गेला. राशनची मशीन बी घेत नाही. म्हून तिच्या जागी माहा आंगठा देतो."

रामीबाईनं चिलीम मागून घेतली आणि अंगठा त्या खळग्यात ठेवला. हात वाळला होता. अंगठा आत सैल बसला.

"चुकलं माझं, रामीबाई," नीळकंठराव शेवटी म्हणाले.

तिनं ते ऐकून घेतलं. केतकीकडे वळून म्हणाली, "काचंत ठेवसान?"

"हो. तुमच्या नावानं."

"ठेवा. पन उलटी ठेवजा. खालची बाजू वर."

निघताना नीळकंठरावांनी तो जबाबाचा कागद घडी करून खिशात घातला. दिग्रस येईपर्यंत त्यांनी चिलीम मांडीवर तशीच, उलटी धरून ठेवली होती.