कालमुर्झाच्या गाडीतली ऊब

"मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे ऊब टिकवण्याची धडपड! ज्याने आपल्या माणसांना उबेत ठेवलं तो राजा. बाकीचे नुसते मुकुट घालून कुडकुडले."

हे उद्गार माझा मित्र कालमुर्झा याचे. ते काढले तेव्हा त्याचं डोकं गाडीच्या डॅशबोर्डखाली होतं, पाय दाराबाहेर होते आणि डाव्या पायातला बूट निसटून बर्फात पडला होता. डोंगरातल्या आमच्या आत-बाशी गावात त्या सकाळी तापमान उणे सव्वीस होतं. मी टॉर्च धरून उभा होतो. आमच्या मैत्रीत हे खातं कायम माझ्याकडे असतं.

गाडी जुनी, जर्मन, डिझेलवरची. तेवीस वर्षांपूर्वी कालमुर्झाने मुलाला, एर्मेकला, प्रसूतिगृहातून याच गाडीने घरी आणलं. गेल्या एप्रिलात सून मीरिमही यातूनच आली. आणि त्या दुपारी नारीनच्या इस्पितळातून, खिंड ओलांडून, पाच दिवसांचा नातू आणायचा होता. (एप्रिल ते जानेवारीअखेर. बोटं मोजू नका, गावाने मोजलीत, हिशेब बरोबर आहे.)

अडचण एवढीच, की ऑक्टोबरपासून गाडीचा हीटर थंड हवा फेकत होता. रेडिएटरवर बायकोची चांगली नमद्याची सतरंजी कापून बांधली. थर्मोस्टॅट नवा घातला. पाण्यातली हवा तीनदा काढली. गॅरेजवाला म्हणाला, "म्हातारं इंजिन आहे, तापत नसेल." तो स्वतः इंजिनापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा होता.

कुंपणापाशी शेजारचा सुयुन आपली पेट्रोलची गाडी सुरू ठेवून उभा होता.

"कालमुर्झा, हट्ट सोड. माझी दोन मिनिटांत तापते. पोर माझ्या गाडीत येईल. तू मागून ये की तुझा फ्रीज घेऊन!"

"माझा नातू परक्या गाडीतून घरी येणार नाही," डॅशबोर्ड म्हणाला.

"मग गोठलेला येऊ दे."

 थोड्या वेळाने कालमुर्झा बाहेर आला, बूट शोधून घातला आणि मला हळूच म्हणाला, "अकरापर्यंत नाही जमलं तर सुयुनला जायला सांग. मला सांगवणार नाही."

साडेदहा वाजले होते.

"हीटरच्या दोन्ही नळ्या बघ," तो म्हणाला. मी दोन्हींना हात लावला आणि दोन्हींवरून झटकन काढला. "म्हणजे गरम पाणी आत जातंय, बाहेर येतंय. पंखाही घोंगावतोय. मग ऊब जाते कुठे?"

"वाटेत कुणीतरी खातंय," मी म्हणालो. विनोद म्हणून.

त्याने गार-गरमचं बटण फिरवलं. ते जरासं फिरून अडलं. तो पुन्हा आत शिरला, खालचं झाकण उपटलं आणि टॉर्च माझ्या हातून ओढून घेतला. "झडप! गरम हवेची झडपच मिटून बसलीय. काहीतरी तपकिरी चिकटलंय."

तेवढ्यात त्याची बायको बुरुलकान चहाची किटली घेऊन आली. ती वाकली, बघितलं आणि सरळ झाली.

"कागदावर लाल फूल आहे. ही माझी गोळी आहे."

"तुझी?"

"लग्नात सून उतरताना मी चाचिला नाही का केली? सगळ्यांवर मूठमूठ साखरेच्या गोळ्या उधळल्या! एक पुढच्या काचेखालच्या हवेच्या फटीत पडली असेल. तिथली जाळी बसव म्हणून दोन वर्षं सांगतेय मी."

एप्रिलात पडलेली गोळी जुलैच्या उन्हात वितळली, झडपेला बिलगली आणि ऑक्टोबरात दगड झाली. कालमुर्झाने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"मोडशील ते! सरक," बुरुलकान म्हणाली. तिने घरातून पळी आणून तिला फडकं गुंडाळलं, किटलीतल्या कढत चहात बुडवलं आणि आत धरलं. एकदा, दोनदा, सहादा. शेवटी आतून 'टक्' झालं.

आधी चहाचा वास आला, मग जळक्या साखरेचा, आणि मग खरीखुरी गरम हवा. कालमुर्झा दोन्ही पंजे तिच्यापुढे धरून बसून राहिला.

"रडतोयस की काय?" सुयुन कुंपणावरून ओरडला.

"डोळ्यात धूळ गेली!"

"बर्फात कसली धूळ रे?" म्हणत सुयुनने स्वतःची गाडी बंद केली. मग घरातून मेंढीचं कातडं आणून त्यानेच ते मागच्या सीटवर अंथरलं.

नारीनहून येताना मी पुढे बसलो होतो. मागे एर्मेक, मीरिम आणि कातड्यांच्या गाठोड्यात कुठेतरी नातू. कालमुर्झाने बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं आणि त्यावरचा हात काढायला तो तयार नव्हता. खिंडीच्या अलीकडे मी टोपी काढली, पलीकडे कोट. एर्मेक सदऱ्यावर आला. आमच्याकडे सुना सासऱ्यासमोर बोलत नाहीत. मीरिम नऊ महिने बोलली नव्हती, तशीच तीन शालींत बसून होती.

फाटकापाशी बुरुलकान गोळ्यांनी भरलेला वाडगा घेऊन उभी होती. तिने मूठ उचलली. कालमुर्झाने कर्कश हॉर्न दिला, झटकन उतरून आपली टोपी काचेखालच्या फटीवर खोचली, पुन्हा आत बसून दार लावलं, मग मागे वळून गंभीरपणे घसा खाकरला.

"बाळा, मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे..."

"अता," सासऱ्याला 'बाबा' म्हणत मीरिम पहिल्यांदाच बोलली. तिच्या हनुवटीवरून घाम गळत होता. "तेवढी खिडकी उघडता का?"