बोंबलाच्या पुडीतली नावं

साहेब, दगडाबाईचा क्षय तुम्ही बाजारात मांडलात. रोग तिला नशिबाने लागला असेल, पण त्याची दवंडी पिटली ती तुमच्या दवाखान्याने.

१९९६ साली कल्याणच्या त्या सरकारी दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. क्षयाच्या पेशंटांची जुनी-नवी नावं, पत्ते, औषधं, सगळं त्यात भरलं. छापताना बिघडलेले कागद मात्र रद्दीत गेले. रुंद, हिरव्या पट्ट्यांचे, कडेला भोकं असलेले. बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या दगडाबाईला पुड्या बांधायला असला कागद म्हणजे लॉटरीच! तिला वाचता येत नव्हतं. आठवडाभर तिने त्यात बोंबील बांधले.

शुक्रवारी उत्तरा आली. त्याच दवाखान्यात ती कॉम्प्युटरवर बसायची. पुडी हातात घेतली आणि तिचा चेहराच पडला.

"मावशी, हा कागद कुठला?"

"रद्दीवाल्या उत्तमचा. का गं, मासळीला वास मारतोय?"

"क्षयाच्या पेशंटांची नावं आहेत यात. तुमचंही आहे."

दगडाबाईचा तराजू खाली टेकला. दोन वर्षांपूर्वी गुपचूप औषध घेऊन ती ठणठणीत बरी झाली होती. "बाई, हे तुमच्या-आमच्यातच राहील," डॉक्टर म्हणालेले. क्षयवालीच्या हातची मासळी कोण घेणार? धंद्याची टोपलीच उलटायची.

"छापलं कुनी?"

"मीच. बिघडलेले कागद पुढे कुठे जातात, कधी विचारलंच नाही मी."

"मीबी नाय इचारलं. ऊठ आता. दोगी जाऊ."

अक्षर कळत नसलं तरी दगडाबाईला गिऱ्हाईक तोंडपाठ. सोमवारी कुणी काय नेलं, मंगळवारी कुणी घासाघीस केली, सगळं. दोन दिवस दोघी दारोदार हिंडल्या. पुडीचा कागद द्या, मूठभर सुका जवळा घ्या.

"काय गं, कागदात नोटा होत्या काय?" धाकू रिक्षावाल्याने टोमणा मारला.

"नोटा असत्या तर तुज्या दारात आले असते का रं मेल्या!"

शेवटचं घर रंगूबाईंचं, शाळेतल्या बाईंचं. फळीवरच्या डब्याखालून त्यांनी कागद ओढला. "मंगळवारीच वाचलं मी तुझं नाव."

दगडाबाईने मान खाली घातली.

"आणि बुधवारी परत बोंबील नेले, ते विसरलीस? बरी झालीस ना? मग मान वर कर."

बाजारात बसून इतक्या वर्षांत दगडाबाई कधी रडली नव्हती. त्या दारात रडली.

सोमवारी मासळीचा वास मारणारा गठ्ठा दोघींनी दवाखान्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. नाकाला रुमाल लावून साहेब म्हणाले, "रद्दी विकू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

"डॉक्टरनी शब्द दिलेला," दगडाबाई म्हणाली. "कायदा नसंल तर तो करा. तवर शब्द पाळा."

साहेबांनी गठ्ठा टेबलाच्या कडेला सरकवला. उत्तराने मात्र वाट पाहिली नाही. त्याच दुपारी तिने कॉम्प्युटरला पासवर्ड घातला, बिघडलेले कागद स्वतःच्या हाताने बारीक फाडायला सुरुवात केली आणि अर्ज टाइप केला. खाली दगडाबाईचा अंगठा, शेजारी उत्तराची सही. नोकरीची भीती होती, तरी सही केली.

अर्जात लिहिलं होतं: कागदांवर एक ते एकोणचाळीस नंबर आहेत. एकोणचाळीसपैकी बत्तीस आम्ही परत आणले. कॉम्प्युटरवर पाहिलं, उरलेल्या सात कागदांवर एकशेपाच माणसं आहेत. त्यांच्या दारात जाऊन हे कोण सांगणार, साहेब, तुम्ही की परत आम्हीच? लेखी उत्तर द्या.