मी नेलेला पराग

मित्रांनो, मी एक जुना, अर्धा टकला झालेला कुंचला आहे. तरुणपणी खेळण्यांच्या कारखान्यात मी बाहुल्यांच्या पापण्या रंगवत असे. केस झडू लागले तशी माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला उचलले मावशींनी. त्यांची रोपवाटिका होती. माझ्या टोकाने त्या एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर ठेवत आणि म्हणत, इतका हलका हात माझाही नाही. मी हुरळून जाई.

दाराशी पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची एक गुलबक्षी होती. मावशींच्या थोरल्या बहिणीने ती लावली होती. बहीण गेली तेव्हा तिची मुलगी रांगत होती. मावशींनीच तिला लहानाचे मोठे केले.

एका वर्षी त्या गुलबक्षीची मुळे सडू लागली. फांद्या लावून पाहिल्या, एकही धरली नाही. मावशींचा जीव टांगणीला लागला. बहिणीची तेवढीच खूण उरली होती. शेवटी त्यांनी शेजारच्या साध्या हिरव्या गुलबक्षीचे पुंकेसर, तिचा स्वतःचा पराग पडू नये म्हणून, काढून टाकले आणि पट्टेवालीचा पराग माझ्याकरवी तिच्या फुलांवर ठेवला. पट्टेवालीची फुले मात्र त्या रोज खुडत राहिल्या. आजारी झाडाला बियांचा भार सोसायचा नाही, असे त्यांचे म्हणणे.

झाड मेले. हिरवीच्या बिया रुजल्या, आणि पान न् पान हिरवेगार! मावशी एकेक पान उलटून पाहत राहिल्या. माझ्या अंगावर तर काटाच आला. मी वाटेत पराग सांडला होता का?

वनस्पतिशास्त्र शिकणारी भाची सुट्टीत घरी आली. रोपे पाहून तिने मावशींनी काय काय केले ते विचारून घेतले. मग तिने सांगितले की पानांचे पट्टे हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकांतल्या दोषामुळे येतात. त्यांची जनुके पेशीच्या केंद्रकात नसतात, त्या लवकांतच असतात, आणि गुलबक्षीच्या बीला ती आईकडूनच मिळतात. पराग ती आणतच नाही.

"म्हणजे तिचंच बी धरू दिलं असतं तर..." मावशींनी विचारले.

"त्यातून काही तरी आली असती पट्ट्यांची रोपं."

मावशींनी मला मुठीत घट्ट धरले. "मी तिला जपत होते गं."

भाचीने त्यांच्या हातातून मला हळूच काढून घेतले. "आईलाही तू हेच सांगितलं होतंस ना? तब्येत नाजूक आहे, मूल नको म्हणून. तिनं ऐकलं नाही, म्हणून मी आहे."

 त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

मित्रांनो, मला धुऊन उभे वाळवा, एवढेच मी स्वतःसाठी मागतो. पण तुमच्याकडे एखादे अशक्त झाड असेल, तर त्याला पाणी द्या, सावली द्या. त्याची फुले मात्र त्याचीच राहू द्या.