दिराचं रिकामं गोदाम

कोकोच्या बियांचं गोदाम दोघा भावांचं होतं. थोरला गेला आणि वर्ष सरायच्या आत ते एकट्या धाकट्याचं झालं. थोरल्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, वाट्याला उतारावरची बाग तेवढी उरली. त्यावरही त्या गप्प बसल्या असत्या. पण पुढच्या हंगामात त्या पोतं घेऊन गोदामावर गेल्या, तेव्हा दिरानं चारचौघांत एक बी चिरली, आतला करडा रंग सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, हे विकायला आणलंत की टाकायला? दादा होता तोवर चालून गेलं."

लोक खदखदून हसले. त्यांचा माल काही वेगळा नव्हता, पण त्या दिवशी पाळी वहिनींची होती. पडेल त्या भावात पोतं टाकून त्या घरी आल्या, ते ह्याची जिरवायचीच असं ठरवून.

कशी, ते सुचेना. तेवढ्यात, बिया करड्या राहू नयेत म्हणून त्या आंबवायला शिकवणाऱ्या एक बाई गावात आल्या. त्यांनी गोदामाचं अंगण मागितलं, तर दिरानं हात झटकले. "शेतकरी शहाणे झाले तर मी काय खाऊ?" हे कानावर पडलं मात्र, वहिनी उठल्या आणि बाईंना घरी घेऊन आल्या. "माझं परसू घ्या."

बाई शिकवत होत्या ते अवघड नव्हतं, चिकाटीचं होतं. पिकलेलीच फळं तोडायची. बिया गरासकट लाकडी खोक्यात भरून पानांनी झाकायच्या, आतल्या आत तापू द्यायच्या, मधूनमधून खालच्या वर करायच्या. मग उंच माचावर वाळवायच्या. अडचण एकच होती. खोकं नीट तापायला ते भरलेलं लागतं, आणि वहिनींच्या एकट्या बागेच्या फळांनी ते भरत नव्हतं.

म्हणजे हसणाऱ्यांच्याच दारात जायचं. वहिनी गेल्या.

"तुमचं भलं करायला आले नाही," त्यांनी स्वच्छ सांगितलं. "मला दिराचं गोदाम रिकामं बघायचंय. त्यात तुमचं भलं झालं तर होऊ दे."

सगळ्यांत मोठ्यानं हसला होता तो बोंबल्या म्हणाला, "आणि नाही जमलं तर?"

"तर पुन्हा हसा. सवय आहे तुम्हाला."

बोंबल्यानं खाली मान घातली आणि पहिली टोपली त्यानंच आणून टाकली.

पहिलं खोकं वाया गेलं. घाईत कोणीतरी कच्ची फळं घातली होती, बियांवर बुरशी आली. दीर मुद्दाम कुंपणापाशी येऊन नाकाला रुमाल लावून गेला. वहिनींनी माल खड्ड्यात लोटला आणि खोकं घासायला बसल्या.

"एवढा कसला ध्यास आहे तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सुडाचा."

बाई हसल्या. "चालेल. बियांना त्याचं काय!"

दुसरं खोकं असं तापलं की आत हात ठरेना. वाळल्यावर बी चिरली तर आत गडद तपकिरी रंग आणि चॉकलेटचा वास. बाईंनी नमुना चॉकलेटच्या कारखान्यात नेला, तिथली माणसं स्वतः आली आणि चढ्या भावानं सगळं उचलून घेऊन गेली. पुढच्या हंगामात अर्धं गाव वहिनींच्या परसात होतं, त्याच्या पुढच्या हंगामात सगळं. दिरानं भाव वाढवला, घरोघर गोड बोलून आला. कोणी फिरकलं नाही. शेवटी गोदामाला कुलूप लागलं, आणि वहिनी मुद्दाम त्या रस्त्यानं बाजाराला जाऊ लागल्या.

एके सकाळी धाकटी जाऊ टोपली घेऊन दारात उभी राहिली. "जाऊबाई, आमच्या बागेतली फळं घ्याल?"

"घेईन. पण तू नको. त्याला घेऊन येऊ दे."

जावेचे डोळे भरले. वहिनी विरघळल्या नाहीत.

दीर आला. बोंबल्याच्या मागे रांगेत उभा राहिला. वहिनींनी त्याची टोपली पालथी केली आणि एकेक फळ तपासलं. "भावजी, ही कच्ची आहेत. परत न्या." कोणी हसलं नाही. हसले असते तर वहिनींना आवडलं असतं.

"पुरे की आता," बाई हळूच म्हणाल्या.

"अजून नाही." वहिनींनी लाकडी फावडं दिराच्या हातात दिलं. "खोकं तापलंय. खालच्या वर करा."

वाफेत तो घामानं निथळत राहिला. सूड घेऊन समाधान मिळत नाही म्हणतात. वहिनींना मिळालं, अगदी पोटभर. जाऊ पाण्याचा तांब्या घेऊन नवऱ्याकडे निघाली, तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, "लवकर पाज. अजून दोन खोकी राहिलीत."